तिसऱ्या रविवारचं पेट्रोल

आमच्याकडे येण्याआधी आमची गाडी राजकारणात होती. टपावर लोखंडी पट्ट्यांचं अवजड कॅरिअर ठोकलेलं होतं आणि त्यावर प्रचाराचे भोंगे बांधून ती तालुकाभर फिरली होती. ज्यांच्यासाठी फिरली ते पडले, आणि गाडी आमच्या आवाक्यात आली. घेतल्यावर कितीतरी दिवस कुठल्याही गावात शिरलं की पारावरचे म्हातारे विचारायचे, "आता काय लागलंय? झेडपी का पंचायत समिती?" नवरा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "बायको उभी राहतीय, लक्ष असू द्या." मी डोळे वटारायची आणि तो काच वर करून हसत बसायचा.

गाडी हौसेपोटी घेतली नव्हती, मायसाठी घेतली होती. वडील गेल्यावर माय तलवाड्याच्या शिवारातल्या आमच्या वस्तीवर एकटी राहत होती. सोबतीला शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन आणि अंगणात एक कडुलिंबाचं झाड. भाऊ पुण्याला कंपनीत. मी वडवणीला, खाजगी शाळेत शिक्षिका. नवरा तिथल्याच कापसाच्या जिनिंगवर हिशेब बघतो. वडवणीहून मायकडे एसटीने जायचं म्हणजे माजलगावला उतरायचं, दुसरी गाडी धरायची, ती मिळेपर्यंत स्टँडवर ताटकळायचं आणि शेवटी फाट्यावरून वस्तीपर्यंत पायपीट करायची. पोचेपर्यंत दुपार व्हायची आणि परतीच्या गाडीची वेळ डोळ्यांपुढे नाचायला लागायची. माय म्हणायची, "तू येतीस तवा मला तुझी पाठच जास्ती दिसती बाई."

ते वाक्य मला झोंबलं होतं. म्हणून ही गाडी.

पण गाडी घेणं वेगळं आणि चालवणं वेगळं. महिन्याच्या पेट्रोलसाठी आम्ही जेवढे पैसे बाजूला काढायचो, त्यात दोन रविवार बसायचे. तिसरा बसत नव्हता. आणि मला तिसरा रविवार हवा होता. इतका हवा होता, की शाळेत पोरांना भागाकार शिकवताना मनात तोच भागाकार चालायचा. माय थकत चालली होती. दर खेपेला ती मागच्यापेक्षा जरा लहान झालेली वाटायची. माझ्याकडे येऊन राहा म्हटलं, तर लेकीच्या घरी राहणं तिच्या शास्त्रात बसत नव्हतं. तेव्हा मीच जास्त वेळा जायचं, आणि तेही तेवढ्याच पेट्रोलमध्ये, एवढं मी पक्कं ठरवलं.

आमच्याकडे गाडी कशी आहे असं कुणी विचारत नाही, ॲव्हरेज किती देते ते विचारतात. तेव्हा आधी ॲव्हरेज काढलं. टाकी फुल केली, मायकडे जाऊन आले, पुन्हा त्याच पंपावर फुल केली. जेवढं मावलं तेवढं गाडीने प्यायलं. आकडा बघून नवरा म्हणाला, "एवढ्यात तर जीप येईल." मी गाडी थेट स्टँडमागच्या मेकॅनिककडे नेली.

त्याने एअर फिल्टर उघडला आणि आतून मुठीएवढा कापूस काढून माझ्या हातावर ठेवला. "मॅडम, उशी शिवा." नवरा गाडी रोज जिनिंगच्या आवारात उभी करायचा, तिथे सरकीचा आणि कापसाचा भुगा दिवसभर उडत असतो. गाडी त्यातूनच श्वास घेत होती. त्या दिवसापासून नवऱ्याने जिनिंगवर चालत जायचं, असा मी फतवा काढला. "गाडीचा दमा जायला माझे गुडघे कामी आले," असं तो अजून लोकांना सांगतो.

मेकॅनिकने चाकांत हवा भरली. ती निम्म्यावर आली होती. मागचं एक चाक हाताने फिरवलं तर फिरेना, ब्रेक चिकटून बसला होता. तोही सोडवला. मग टपाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा मुकुट कशाला ठेवलाय?" कॅरिअरचं वजन तर होतंच, शिवाय ते वारं अडवायचं. गॅसकटरने ते कापून काढलं आणि भंगारात घातलं. नवऱ्याला वाईट वाटलं. गाडीला टक्कल पडल्यासारखं दिसतंय म्हणाला. पारावरच्या म्हाताऱ्यांनीही आम्हाला विचारणं सोडून दिलं.

उरलेलं काम माझ्या पायाचं होतं. नवरा ॲक्सिलरेटर असा दाबतो की जणू खाली विंचू आहे. म्हणून तलवाड्याला जाताना गाडी मीच चालवायला लागले. काटा पन्नासच्या आसपास, शक्य तितक्या लवकर वरचा गिअर, आणि पुढचं लांबून दिसलं की आधीच पाय काढायचा, म्हणजे ब्रेक लागत नाही. एसी बंद. उन्हाळ्यात ओढणी ओली करून डोक्यावर घ्यायची. कारखान्याच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सोडले, तर रस्त्यावरचं सगळं मला मागे टाकून जायचं. माजलगाव ओलांडताना मळीचा वास यायचा आणि तो नाकातून जाईपर्यंत मी सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची. एकदा एक फटफटीवाला शेजारून जाताना ओरडला, "बाई, ढकलू का?" मी त्याला हात दाखवला. उताराला गाडी न्यूट्रल करून सोडावी ही नवऱ्याची अक्कल. ती मेकॅनिकने हाणून पाडली, नाहीतर आम्ही एखाद्या ट्रॉलीखाली गेलो असतो.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसं ॲव्हरेज चढत गेलं. नवरा म्हणायचा, "गाडीला उपास घडवतीयस, पुण्य लागेल." तरी तिसऱ्या रविवारला अजून थोडं कमीच पडत होतं. ते थोडं कुठे जातंय ते मला ठाऊक होतं, पण त्याला हात लावायची माझी तयारी नव्हती.

ते डिक्कीत जात होतं. आमच्याकडे लेकीला रिकामी पाठवत नाहीत. बस असताना माय पिशवीवर भागवायची. गाडी आल्यावर तिला मोकळं रान मिळालं. ज्वारीचा भरलेला कट्टा, बाजरी, तूरडाळ, करडीच्या तेलाचा डबा, उन्हाळ्यात कुरडया आणि शेवया, आणि वर जागा उरली म्हणून वांगी. "एवढं कशाला?" म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मंग गाडी कशाला घेतली?" परत येताना आमची गाडी मागून बसलेली आणि पुढून तोंड वर केलेली असायची.

त्यावर माय स्वतः. लेक निघाली की तिला वेशीपर्यंत घालवायला जायचं ही रीत. आमची वस्ती शिवारात, तेव्हा वेस म्हणजे फाटा. पूर्वी माय माझ्याबरोबर चालत यायची. आता ती पुढच्या सीटवर मांडी घालून बसायची, फाट्यापर्यंत यायची आणि तिथून पायी परत जायची. आमच्या वस्तीच्या रस्त्यावर मागच्या निवडणुकीआधी डांबर पडलं होतं, त्यामुळे तो रस्ता फार लवकर संपायचा.

पण तेवढ्या रस्त्यात माय बोलायची. घरात ती कामाचं बोलायची: शेळी व्याली, बोअरचं पाणी खाली गेलं, अमक्याची सून नांदत नाही. मनातलं ती फक्त गाडीत काढायची. दोघी समोर बघत असायचो म्हणून तिला सोपं जात असावं. संध्याकाळी दिवा लावल्यावर घर खायला उठतं, हे तिने मला गाडीत सांगितलं. वडिलांशी शेवटचं भांडण मिठावरून झालं होतं, हेही. आणि भावाचे फोन आखूड होत चाललेत, हेसुद्धा. फाटा आला की ती मधेच थांबायची, "जा आता, उशीर करू नको" म्हणून उतरायची आणि पदर सावरत मागे न बघता चालू लागायची. राहिलेलं वाक्य पुढच्या खेपेला पुरं व्हायचं. खरं सांगायचं तर मी तलवाड्याला जायची ती त्या रस्त्यासाठी.

एका रविवारी नवरा बरोबर आला होता. जेवण झालं, डिक्की भरली गेली, माय दाराच्या चौकटीआड डोक्यावर पदर घेऊन उभी होती. जावयासमोर ती तशीच उभी राहते. नवऱ्याला गंमत सुचली. "मामी, हिने मला पायी फिरवलं, पण ॲव्हरेज काही वाढंना. कसं वाढंल? मागं तुमचा कट्टा अन् पुढं तुमी!" तो हसला, मी हसले. चौकटीआडून हसू आलं नाही.

आमच्यात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. जावई जेवताना म्हणाला की मीठ कमी आहे, तर सासू आयुष्यभर त्याच्या ताटात मीठ जास्त वाढते. हे नवऱ्याला माहीत असायला हवं होतं. तोही काही लंडनहून आलेला नाही. पण थट्टा करताना माणसाला कुठे एवढं सुचतं.

पुढच्या खेपेला मी निघाले तर डिक्कीपाशी कट्टा नाही. मायने माझ्या हातात फडक्यात बांधलेली मूठभर तूरडाळ दिली. "रिकामी जाऊ नये म्हणून." मी पुढचं दार उघडलं, ती जागची हलेना.

"बस की."

"न्हाई बाई. तुझ्या गाडीला वझं हुतंय."

"कोण म्हणलं?"

"जावई म्हणले न्हाई का?"

"ती थट्टा होती माय!"

"त्यांचं मन मोठं हाय, म्हणून थट्टेवारी सांगितलं. आपल्याला कळाया नगं का?"

मी चिडले. घरी येऊन नवऱ्याला फैलावर घेतलं. त्याने बिचाऱ्याने लगेच फोन लावला, "मामी, मी गमतीत म्हणलो हो." तिकडून, "व्हय व्हय, कळलं मला," एवढंच आलं. तिला कळलं ते एवढंच, की लेकीने कागाळी केली आणि जावयाला माघार घ्यावी लागली. मग तर ती जास्तच घट्ट झाली. नवरा मुद्दाम येऊन चौकटीसमोर उभा राहिला, "मामी, तुमी बसल्याशिवाय मी गाडी काढत नसतो" म्हणाला. चौकटीआडून माय मला म्हणाली, "त्यांना चहा ठेव." जावयाशी वाद घालायचा नाही आणि ऐकायचंही नाही, हे जमवावं ते मायनेच.

एकदा मी तिचा हात धरून ओढलाच. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "आगं, मी बसले न्हाई तर तुझं पेट्रोल वाचतंय ना? वाचलं तर तू आणिक एक बार येतीस ना? मंग गप की." तिनेही तिसऱ्या रविवारचंच गणित मांडलं होतं. फाट्यापर्यंतचा रस्ता देऊन तिला एक अख्खा दिवस घ्यायचा होता.

आणि कट्ट्याविना, ओझ्याविना, ॲव्हरेज खरंच बसलं. तिसरा रविवार निघाला. त्या पहिल्या तिसऱ्या रविवारी आम्ही दोघींनी काहीच केलं नाही. लिंबाखाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. तिने माझ्या डोक्याला तेल लावलं आणि केस पांढरे झाले म्हणून मलाच रागावली. शेळीचं करडू माझी ओढणी चघळत होतं. कुठे जायची घाई नव्हती. इतकी सुखी मी लग्नानंतर क्वचितच झाले असेन, आणि हे मला तेव्हा, तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

फक्त निघताना ती कुपाटीपाशी उभी राहायची, काट्यांच्या त्या कुंपणाला धरून. मी गाडी सुरू करायची आणि ती खिडकीजवळ यायची. "बरं का बाई..." असं काहीतरी सुरू करायची. मी इंजिन बंद करायची. मग ती म्हणायची, "काई न्हाई. जा, अंधार पडंल." असं बऱ्याचदा झालं. तिला आरशात लहान होत जाताना बघत मी एकटी फाटा गाठायची. शेजारची सीट रिकामी असायची आणि मला तो रस्ता काही केल्या संपत नाही असं व्हायचं.

मग एक रविवार असा आला, की मी वस्तीवर पोचले आणि कुठूनही शेळी ओरडली नाही. गोठा झाडलेला होता. ओसरीवर गाठोडी बांधून ठेवली होती. माय नवं लुगडं नेसून बसली होती.

"काय झालं गं?"

"काई न्हाई. तुझा भाऊ येतोय. पुण्याला चाललेय मी."

"किती दिवस?"

"ऱ्हायाला."

वहिनी बाळंतपणानंतर कामावर परत चालली होती, तान्ह्या पोराला बघायला कोणी नव्हतं. भावाने कधीच विचारून ठेवलं होतं. मायने कधीच हो म्हणून ठेवलं होतं. शेळ्या शेजारच्या वस्तीवर दिल्या होत्या. सगळं ठरून गेलं होतं आणि मी दर महिन्याला तीन-तीन रविवार येऊनही मला पत्ता नव्हता.

"मला कावून सांगितलं न्हाईस?" माझा आवाज चढला.

"कवा सांगू?" ती म्हणाली. "दर खेपेला म्हणायचे, आज सांगते. चुलीम्होरं सांगायची गोष्ट हाय का ती? तुझ्या तोंडाकडं बघून सांगवंना. गाडीत असते तर सांगितलं असतं."

मी ओसरीवर तिच्याजवळ बसून राहिले.

आता माय पुण्यातच आहे. नातवाने तिला लळा लावलाय. फोनवर ती दुधाचं, लसीचं, लिफ्टचं बोलते. घर भरलेलं असतं, मागे टीव्ही चालू असतो, आणि मनातलं बोलायला तिथे जागा नाही. माझी गाडी आता आधीपेक्षाही चांगलं ॲव्हरेज देते. महिनाअखेर टाकीत पेट्रोल उरतं, आणि ते उरलेलं पेट्रोल बघून मला रडू येतं. कितीही उरलं तरी त्यात पुणे बसत नाही. रविवारी सकाळी जाग येते, काही क्षण वाटतं की आज तलवाड्याला जायचंय. मग आठवतं.

माय निघाली त्या दिवशी भाऊ दुपारी आला. मोठी पांढरी गाडी, एसी चालू, आत गाणी. "आक्का, आवरा लवकर, उजेडात पोचायचंय." आम्ही गाठोडी त्याच्या गाडीत ठेवली. मग माय मला घेऊन मागच्या खोलीत गेली. भिंतीला लागून ज्वारीचे कट्टे उभे होते. गाडीत बसायचं सोडल्यापासून दर खेपेचा माझा वाटा तिने बाजूला काढून ठेवला होता. "तुझं हाय. घाल गाडीत."

"माय, एवढं वजन..."

"घाल म्हणते ना."

भावाने आणि मी ओढून ओढून ते कट्टे माझ्या डिक्कीत आणि मागच्या सीटवर घातले. गाडी मागून पार जमिनीला टेकायला आली. मायने दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली, भावाच्या गाडीपाशी गेली आणि थांबली.

"म्या फाट्यापस्तोर हिच्या गाडीत येते."

"माय, दोन मिन्टाचा तर रस्ता हाय," भाऊ म्हणाला.

"मंग तू हो म्होरं."

तो अंगणातला धुरळा उडवत पुढे गेला. मायने माझ्या गाडीचं दार उघडलं, आत बसली, चपला खाली काढून मांडी घातली. मी तिच्याकडे बघितलं. "जावई काय म्हणतील?"

"जावयाला सांगू नको."

मी गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकला आणि तसाच ठेवला. समोर काळा, सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूला कपाशी उभी होती आणि लांब फाट्यावर भावाच्या गाडीचे दिवे लुकलुकत होते. इंजिन घुरघुरत होतं. मधे एका ठिकाणी माय समोर बघतच म्हणाली, "मला तिकडं करमायचं न्हाई बाई." मी म्हणाले, "ठावं हाय मला." शेजारून एक म्हातारा सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला.

"एवढी हळू कावून चालवतीस?" मायने विचारलं.

पहिल्या गिअरमध्ये गाडी सगळ्यात जास्त पेट्रोल खाते. माझ्याइतकं ते अख्ख्या तालुक्यात कुणाला माहीत नसेल.

"हळू चालवलं की पेट्रोल वाचतंय," मी म्हणाले.

मायने मान हलवली. पदर डोक्यावरून खाली घेतला आणि सीटला टेकून बसली.

"मंग आणिक हळू चालीव," ती म्हणाली.